मास्तरीणबाईचे पराग

पोलिच्का, २७ फेब्रुवारी १९९८

हेदाताई,

दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खाली बसली असशील, मग चष्मा शोधला असशील आणि मग म्हणाली असशील, "आता हिचं काय अडलं?" तर अडलंय. उगाच लांबण लावत नाही.

मला पराग हवेत. तुझ्या मास्तरीणबाईचे.

ती जिवंत आहे की नाही हेसुद्धा मला ठाऊक नाही. त्या प्रदर्शनानंतर तिचं काय झालं ते तू कुणाला सांगितलं नाहीस आणि मी कुणाला विचारलं नाही. पण असेल, तर ऐक. माझ्या मास्तरीणबाईचं काही खरं नाही. परवा ओल्द्रिख काचघराच्या दाराजवळच्या शेगडीत कोळसा टाकायला गेला होता. माझा नवरा अजूनही निवडुंगांना 'तुझ्या माहेरची माणसं' म्हणतो आणि त्यांच्याशी तसाच वागतो, चार हात लांबून. परत येऊन म्हणाला, "तुझी ती बोलिव्हियाची बाई एका बाजूला कललीय." मी घरातल्या सपाता घालूनच बर्फातून धावले. बुंध्याशी तपकिरी डाग आहे. नखानं दाबलं की आत जातो. ऑक्टोबरपासून पाण्याचा थेंब दिलेला नाही, उष्णता सहा अंशांच्या वर जाऊ दिली नाही, सगळं बाबांनी शिकवलं तस्संच केलं. तरी मुळातून कुजतेय. चोवीस वर्षांची झाली, वय झालं म्हणायचं.

ड्रेस्डेनच्या मित्रानं बाबांना पत्रातून सात बिया पाठवल्या होत्या. त्यातल्या दोनच उगवल्या, एक तुला आणि एक मला. काटे छडीसारखे आणि फूल ठरल्या दिवशी ठरल्या तासाला, म्हणून बाबांनी नाव ठेवलं मास्तरीणबाई. आता ही एक उन्हाळा काढेल, फार तर. फुलेल, पण स्वतःच्या परागांवर ही बया बी धरत नाही, हे तुला सांगायला नको. तिला दुसरीचेच लागतात, आणि ती दुसरी तुझ्याकडे. यंदा बी धरलं नाही तर बाबांच्या हातचं हे शेवटचं रोप संपलं.

पराग कागदाच्या घडीत घालून पाठव. पत्ते निवडण्यात माझी सदतीस वर्षं गेली आहेत, पोस्टाचं मी बघून घेईन.

प्रदर्शनातल्या प्रकाराबद्दल मला काही लिहायचं नाही. तेव्हा मी बटाट्याच्या सॅलडच्या टेबलापाशी होते, हे तुला आठवत असेलच.

यार्मिला

ता. क. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पराग दे.


पोलिच्का, २५ मार्च

ताई,

चार आठवडे झाले. पोस्टमन आमच्या गल्लीत शिरला की आता पलीकडच्या कडेनं जातो. त्याला मीच शिकवून तयार केलाय, तरी मेल्याची नजर वर उचलायची हिंमत होत नाही.

मीही पहिल्या पत्रात जरा तोऱ्यातच लिहिलं. ओल्द्रिखला त्याची कच्ची प्रत वाचून दाखवली तर तो म्हणाला, "हे मागणं आहे की जप्तीची नोटीस?" मग पत्र टाकायच्या आधी का नाही वाचलं म्हणून मलाच बोलला. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, आपल्या दोघींचाही.

बरं, तू प्रदर्शनाचाच राग धरून बसली असशील तर एकदाच लिहिते आणि विषय संपवते. अन्याय झाला तुझ्यावर. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात, भरल्या सांस्कृतिक भवनात. तुझी मास्तरीणबाई स्वतःच्या मुळांवर वाढलेल्यांच्या टेबलावर, पहिल्या नंबरात जमा. मुठीएवढी, अंगावर तेवीस फुलं. आणि कुणीतरी परीक्षकाच्या हातात चिठ्ठी सरकवली, की हे रोप कलमी आहे, जोड मातीखाली पुरून लपवलाय. आता कलमी असणं पाप नाही, त्यांचं टेबल वेगळं असतं, पण लपवणं म्हणजे आपल्या लोकांत चोरीच. मग त्या परीक्षक व्होंद्राचेकनं काय करावं? सगळ्यांसमोर कुंडी उलटी केली. रोप बाहेर. जोड कुठला नि काय, गाजरासारखं जाडजूड स्वतःचं मूळ! आणि ते मधोमध कट्कन मोडलं.

तू गळ्यातल्या रुमालात रोप गुंडाळलंस आणि बसला गेलीस. मला व्होंद्राचेकचा इतका संताप आला होता म्हणून सांगू. चिठ्ठी कुणी दिली, देव जाणे. जळणारे काय कमी असतात?

काल पहिल्यांदा कोमट पाण्याचा फवारा मारला. सगळी सुरकुतलेली रोपं दोन दिवसांत टरटरीत होतात की नाही, तेव्हाचा ओल्या मातीचा वास आला. बाबांच्या कोटाचा वास. तुझ्याकडे अजून बर्फ असेल.

यार्मिला


पोलिच्का, १६ एप्रिल

ताई, कळ्या!

अकरा आहेत. बुंध्याभोवती, लोकरीतून नाक काढलेल्या, पिनेच्या डोक्याएवढ्या. अर्धी कुजलेली म्हातारी आणि तरी अकरा कळ्या! मी काचघरातच टाळ्या वाजवल्या. ओल्द्रिख म्हणाला, "हळू, लाजतील."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझी फुलणार मेच्या मध्याला. तुझ्या स्मर्कोव्हला डोंगरात सगळं महिनाभर उशिरा, तुझी फुलणार जूनच्या मध्याला. तू उद्या देवमाणूस झालीस आणि पराग द्यायचे ठरवलेस, तरी ते येतील तोवर माझी फुलं गळून केर झालेला असेल!

म्हणून मी तिला अडवून धरलीय. काचघरातून काढून उत्तरेच्या बाजूच्या लाकडाच्या खोपटात ठेवली. हो, कळ्या असताना जागा हलवायची नाही, मलाही कळतं, पण तोंड त्याच दिशेला राहावं म्हणून कुंडीवर खडूनं बाण काढलाय. वर वर्तमानपत्राची टोपी. फक्त सकाळचं दोन तास ऊन. शेजारीण म्हणाली, "यार्का, तू त्या रोपाला शिक्षा केलीयस का?" मी म्हटलं, "मास्तरीणबाईलाच कोपऱ्यात उभं केलंय, आता बोल."

तू पाठवणार नाहीस, हे मी धरून चाललेय. तरीपण अडवतेय. माणूस किती मूर्ख असावं याला काही सुमार?

तिला टोपी घालताना रोज वाटतं, हेदा असती तर पोट धरून हसली असती. आणि मग मला म्हणाली असती, "बाजूला हो, तुझ्या हाताला वळण नाही." बाबासुद्धा हेच म्हणायचे. हेदाचा हात, हेदाचा हात. ते जेवताना म्हणायचे आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तू ताटात आणखी उकडीचे गोळे वाढून घ्यायचीस, तुला काही पत्ताच नसायचा.

असो. खोपटात थंडी आहे. कळ्या जिथल्या तिथे आहेत.

यार्का


पोलिच्का, शनिवार, २ मे

हेदाताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस.

मंगळवारी क्लबची बैठक होती, नेहमीप्रमाणे खानावळीच्या मागच्या खोलीत. आमच्यात एक नवे गृहस्थ आलेत, दातांचे डॉक्टर स्लावीक, नुकतेच निवृत्त झालेले. बिचारे हौसेनं आपलं एक रोप घेऊन आले. गोल, गुटगुटीत, काट्याला काटा भिडलेलं. सगळे वा वा करत असताना कुणीतरी कुजबुजलं, "एवढं टच्च? कलमी असणार. जोड पुरलाय." लगेच चौघांनी मान हलवली. बियरचे ग्लास बाजूला झाले आणि एकानं कुंडीला हात घातला.

ताई, मी ओरडले. खुर्ची मागे पडली इतकी. "हात काढा! अकरा वर्षांपूर्वी असंच केलंत आणि तेव्हाही ते खोटं होतं! मला माहीत आहे, कारण चिठ्ठी मी लिहिली होती!"

डॉक्टर स्लावीकांनी आपली कुंडी पोटाशी धरली आणि माझ्यासाठी कडक स्लिवोवित्सेचा ग्लास मागवला. चांगला माणूस आहे.

तर चिठ्ठी मी लिहिली होती. कोट ठेवल्याची पावती असते ना, तिच्या पाठीवर, डाव्या हातानं. मी सॅलडच्या टेबलापाशी नव्हते. म्हणजे नंतर होते, लिहून झाल्यावर. एकाच पाकिटातल्या बिया, एकच बाप, आणि तुझी मुठीएवढी आणि माझी अक्रोडाएवढी. मला खरंच वाटलं होतं, हिनं कलम करून फुगवलीय. नाही, हेही खोटं. मला तसं वाटायला हवं होतं. मूळ मोडलं तो आवाज मी ऐकला. तू रुमाल सोडलास, तुझी मान उघडी, आणि बाहेर बारीक पाऊस. मी तुझ्या मागे आले नाही. मी एक सँडविच खाल्लं.

क्लबातली बातमी तुझ्यापर्यंत पोचायच्या आत माझ्याच तोंडून कळावी, म्हणून आज शनिवारचंच पेटीत टाकतेय. आता पराग मागायला मला तोंड नाही, आणि मी मागतही नाही. माझं चुकलं. अकरा वर्षं रोज चुकलं.

तुझी धाकटी,
यार्का


पोलिच्का, मंगळवार, ५ मे

ताई ताई ताई,

आले!!

पोस्टमन फाटकाबाहेरूनच ओरडला, "यार्मिलाबाई, डोंगरातून आलंय!" मी पीठ मळत होते. पिठाच्या हातांनीच फोडलं. कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी, तिच्यात भाजलेले तांदूळ, तांदळात कागदाची घडी, घडीत पिवळी धूळ. मी श्वास रोखून घडी मिटली, शिंक आली असती तर मेलेच असते.

आणि आपल्या पोस्टाला मानलं! शनिवारी मी पत्र टाकलं, सोमवारी तुला मिळालं, मंगळवारी तुझं उत्तर माझ्या हातात. माझ्या वेळी असं होत नव्हतं, खरं सांगते.

चिठ्ठीत तुझी दोनच वाक्यं. "रोप कलमी आहे. त्या दिवशी घरी आणून लगेच कापून दुसऱ्यावर बसवलं, नाहीतर मेलं असतं." बस्स. म्हणजे मी केलेला खोटा आरोप माझ्यामुळेच खरा झाला. हे वाचून मी पाटावरच्या पिठात रडले आणि मग मला हसू फुटलं. ओल्द्रिखला कळेना, माहेरी काय झालंय आणि जेवण होणार आहे की नाही.

पण आता गंमत ऐक आणि मला शिव्या घाल. पराग आलेत, आणि माझ्या कळ्या? वाटाण्याएवढ्या, दगडासारख्या. कारण मी त्यांना महिनाभर खोपटात कोंडून ठेवलंय! त्यांची वाट बघत मी तिला झोपवली, आणि ते आले तर ही जागीच होत नाही. आजच खोपटातून काढलं, टोपी फेकली, काचघरात सगळ्यात वरच्या फळीवर मांडली. आता हातापाया पडतेय, ऊठ गं माय, ऊठ.

डबी फ्रिजमध्ये आहे, काकडीच्या लोणच्याच्या मागे. वर मी लिहिलंय, "ओल्द्रिख, हे मीठ नाही."

यार्का


पोलिच्का, ३१ मे

हेदाताई,

तुझं कार्ड मिळालं. "ब्रश माझा वापर, पाठवतेय. तुझ्या ब्रशाचे केस गळत असतील." माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर नाही, ब्रशाबद्दल मात्र सल्ला! आणि माझ्या ब्रशाचे केस गळतात, हे तुला डोंगरात बसून कसं कळलं?

काल सकाळी दहाला पहिलं फूल उघडलं. अकराला चार होती. मला शब्द सापडत नाहीत आणि तुला ते लागणारही नाहीत. तोच जांभळा, आत घशाशी पांढरा. मागल्या काचेतून ऊन आलं तेव्हा अख्खी फळी पेटल्यासारखी. बुंधा अर्धा कुजलाय, एका अंगावर रेलून उभी आहे, आणि वर हा थाट! म्हातारपणी असं नटता यायला हवं.

मी डबी आणली. ब्रश हलू नये म्हणून ओल्द्रिखनं कोपर धरलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा काचघरात दारापासून पुढे आला. एकेका फुलाच्या मधल्या हिरव्या चांदणीवर तुझ्या ब्रशानं तुझी धूळ टेकवली. "एवढंच?" तो म्हणाला. "आपल्या लग्नात तर दोनशे माणसं जेवली."

चार फुलं काल, पाच आज. दोन कळ्या वाळून गेल्या, ते पाप माझ्या खोपटाचं. आता थांबायचं. बी धरलं की नाही ते तीन आठवड्यांत कळेल. परागांना महिना होत आला, फ्रिजात जिवंत राहिले असतील का? मला झोप येत नाही आणि तरी मी दिवसभर गाणं गुणगुणतेय. शेजारीण विचारत होती, लॉटरी लागली का.

यार्का


पोलिच्का, १२ जुलै

माझी ताई,

धरलं.

सात फळं, बोरं पिकावीत तशी, बुंध्याला चिकटून. त्यातलं पहिलं आज सकाळी तडकलं. मी पांढऱ्या बशीत झटकलं आणि ओल्द्रिखला भिंग आणायला पाठवलं. काळ्याभोर बिया, टपोऱ्या, एकही पोचट नाही! बाबांना मिळाल्या होत्या सात. माझ्या एका फळातच तीसच्या वर. आम्ही दोघं बशीवर वाकून लहान मुलांसारखे हसत होतो.

मग मी पाटी लिहायला बसले. आई कोण, बाप कोण, पराग कधीचे, हे लिहिल्याशिवाय बी पुडीत घालायचं नाही, हा बाबांचा नियम. तारखेसाठी तुझ्या परागांची घडी काढली. तू नेहमीसारखी कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिली होतीस. घाईत मी बघितलंच नव्हतं.

अठ्ठावीस एप्रिल.

मी दोनदा वाचलं. मग फडताळातून ते पाकीट शोधलं. शिक्का तीस एप्रिलचा. मी सदतीस वर्षं पोस्टात होते, हेदा, आणि त्या दिवशी शिक्का बघितला नाही! पहिली मे सुट्टी, मग शनिवार-रविवार, म्हणून पाकीट मंगळवारी आलं. म्हणजे माझ्या कबुलीचं पत्र तू वाचलंच नव्हतंस. माझं पत्र पेटीत पडायच्या आधीच तुझी डबी निघाली होती.

तरी मला कळेना. तुझ्याकडे डोंगरात एप्रिलमध्ये फूल उघडलंच कसं? तुझं काचघर तेव्हा बर्फाखाली. मी बोटांवर मोजायला लागले. हे रोप थंडीतून उचलून स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या खिडकीत ठेवलं, तर कळीला चार आठवडे आणि फुलाला आणखी चार. अठ्ठावीस एप्रिलपासून मागे आठ आठवडे. मोज तू. मार्चची तीन तारीख.

माझं पहिलं पत्र तुला दोन मार्चला मिळालं असणार.

ते तोऱ्यातलं, सॅलडच्या टेबलाचं, निव्वळ खोटारडं पत्र. जप्तीची नोटीस. ते वाचून तू उत्तर दिलं नाहीस, शिवी दिली नाहीस, दुसऱ्या दिवशी उठलीस आणि बर्फातून जाऊन मास्तरीणबाई घरात आणलीस. कारण माझी आधी फुलते हे तुझ्याही डोक्यात होतं. मी माझीला थांबवत होते आणि तू तुझीला पळवत होतीस, दोघी चोरून, आणि म्हणूनच दोघींची चुकामूक झाली. मी इथे टोपी घालत होते आणि तू तिथे चुलीपाशी तिला शेकवत होतीस! अगं एक ओळ लिहिली असतीस तर?

मी माफी मागायच्या दोन महिने आधीच तू फूल उमलवायला घेतलंस. चिठ्ठी कुणाची होती हे तुला पहिल्यापासून माहीत होतं का? नाही, पत्रात सांगू नकोस.

हे बघ, कूज आता वर चढतेय. बाकीची फळं उतरली की हिला कापून दुसऱ्या बुंध्यावर बसवलीच पाहिजे, नाहीतर पंधरा दिवसांत जाईल. मी जन्मात कलम केलेलं नाही, नुसती कलमांची निंदा केली. हात तुझाच लागेल. ओल्द्रिखनं तीन जाड बुंधे आणून ठेवलेत, बांधायला रबर आणि दाढीची नवी पातीसुद्धा. शुक्रवारची बस दुपारी दीडला येते, मी थांब्यावर उभी असेन. मला बोलायचं असेल ते सगळं बोल, हवं तर भर रस्त्यात बोल, डॉक्टर स्लावीकांच्या देखत बोल.

पण कार्ड पाठवू नकोस, ताई. तू ये.

यार्का